यकृतांतील धग आणि झळकणारे रंग

पावसाळ्याच्या तोंडावर शहापूर-मुरबाडच्या रानांत काजवे चमकतात. काजव्याचा उजेड त्याच्या स्वतःच्या शरीरांत निर्माण होतो. कांहीं पदार्थांची रीत निराळी आहे. स्पिरिटांत कालवलेली हळद अंधारांत अतिनील किरणांपुढें धरिली कीं हिरवट पिवळी झळकते. किरण बंद होतांच तेज मावळतें. अदृश्य किरण शोषून दृश्य प्रकाश परत देण्याच्या या गुणास प्रतिदीप्ति म्हणतात. क्विनाइनच्या द्रावणांतील अशा निळ्या झळाळीचें विवेचन स्टोक्स यांनीं १८५२ सालीं केलें.

या गुणाचा उपयोग आतां यकृताची इजा न्याहाळण्याकडे होतो. तापावरील पॅरासिटामॉल योग्य मात्रेंत गुणकारी आहे. त्याच्या अल्प भागाचें यकृतांत विष बनतें, परंतु पेशींतील ग्लुटाथायोन तें निकामी करितें. मात्रा फार झाल्यास ग्लुटाथायोनचा सांठा संपतो. मग प्राणवायूपासून उपजणारीं दाहक द्रव्यें पेशींत माजतात आणि पेशी मरूं लागतात. मृत पेशींतून पाझरलेलीं विकरें रक्ततपासणींत सांपडतात खरीं. पण तोंवर हानि झालेली असते.

ही धग आधींच दिसावी म्हणून शास्त्रज्ञ शोधक रंग वापरतात. डायक्लोरोफ्लुओरेसीन या रंगाचें एक निस्तेज रूप पेशींत शिरतें. तेथील विकरें त्याचे दोन तुकडे छाटून त्यास आंतच अडकवितात. दाहक द्रव्यांशीं गांठ पडतांच तें निळ्या प्रकाशांत हिरवें झळकूं लागतें. मात्र तें अनेक द्रव्यांनीं पेटतें. त्यामुळें नेमका अपराधी कोण हें त्यावरून ठरत नाहीं. शिवाय हिरवा प्रकाश जाड मांसांतून फारसा पार होत नाहीं. म्हणून तांबड्यापलीकडील किरण देणारे नवे रंग उंदरांवर अजमावले जातात. यकृताच्या इजेचें निदान रुग्णालयांत मात्र रक्ततपासणीवरच चालतें.

या ज्ञानापासून आपणांस घेण्यासारखा धडा आहे. गोळ्या जास्त पोटांत गेल्यावर पहिल्या दिवशीं मनुष्य धडधाकट दिसूं शकतो. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा ग्लुटाथायोनचा सांठा पुन्हा भरतो. पण आठ तासांच्या आंत मिळाल्यास त्याचा गुण सर्वांत अधिक. दूरच्या पाड्यावरून रुग्णालय गांठण्यासच वेळ लागतो. म्हणून डोळे पिवळे होण्याची वाट न पाहतां, गोळ्यांचें पाकीट बरोबर घेऊन तत्काळ निघावें. मुलांस तर वजनाप्रमाणें ठरलेल्या मात्रेहून अधिक औषध कधींही देऊं नये. आंतील धग दिसत नाहीं, म्हणून ती नाहींच, असें समजूं नये.