श्वानप्रसाधकाची निवड

कुत्र्याचे केस विंचरणे व कापणे, त्याला स्नान घालणे, नखे आणि कान यांची निगा राखणे या कामांना एकत्रितपणे श्वानप्रसाधन म्हणता येईल. रूढ शब्द ग्रूमिंग. हा व्यवसाय वाटतो तितका अर्वाचीन नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी कुत्र्यांचे केस कापणारे कारागीर बसत आणि पूडल हे त्यांचे हुकमी गिऱ्हाईक असे. पूडल मुळात पाण्यात पडलेली शिकार उचलून आणणारा कुत्रा. पोहताना ओल्या केसांचे ओझे होऊ नये म्हणून त्याचे मागील अंग भादरीत. छाती व सांधे उबदार राहावेत म्हणून तेथील केस राखीत, असे या कर्तनाचे परंपरागत स्पष्टीकरण आहे. आज केवळ नखरा वाटणारी ही ठेवण अशी कामातून आलेली आहे.

प्रसाधक निवडताना दुकानाच्या झगमगाटापेक्षा त्याला केसांचे प्रकार कळतात की नाही, हे पाहावे. शिट्झू, ल्हासा आप्सो व पूडल यांचे केस वाढतच राहतात, त्यामुळे ते नियमाने कापावे लागतात. काही टेरियर जातींचे राठ केस कापण्याऐवजी उपटून काढण्याची पद्धत आहे. आपल्याकडच्या कारवान हाउंडचे केस इतके आखूड असतात की त्याला रबरी ब्रश आणि अधूनमधून आंघोळ पुरते. त्यासाठी पैसे मोजण्याचे कारणच नाही.

खरी परीक्षा होते ती दुहेरी आवरणाच्या कुत्र्यांपाशी. पॉमेरेनियन, लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड यांच्या अंगावर वरचे राठ संरक्षक केस आणि खाली मऊ लोकर असे दोन थर असतात. हे आवरण थंडीप्रमाणे उन्हालाही अडवते. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. त्यामुळे वैशाखात पॉमेरेनियनचा चमनगोटा केल्यास त्याला गारवा मिळतो, ही समजूत निराधार आहे. उलट त्वचा उन्हात पोळते आणि कित्येकदा महिनोन्‌महिने केस नीट उगवत नाहीत. ‘उन्हाळ्यासाठी याचे केस मुळापासून काढाल का?’ असे मुद्दाम विचारावे. जो तत्काळ होकार देईल, त्याचा नाद सोडावा.

त्यानंतर हात पाहावेत. जाणता कारागीर कानामागे आणि काखेत बोटे घालून जटा चाचपतो व स्नानापूर्वीच त्या सोडवतो, कारण भिजलेली जट अधिक घट्ट बसते. यंत्राचे पाते चालता चालता तापते. तो ते मधूनमधून स्वतःच्या मनगटाला लावून पाहतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला उष्ण हवेच्या बंद पेटीत वाळवायला ठेवणे जिवावर बेतू शकते. अशी पेटी दिसल्यास तिचा वापर कसा होतो, हे विचारावे.

लसीकरणाचे कार्ड मागणाऱ्या दुकानाचा राग मानू नये; ते इतरांच्या कुत्र्यांइतकेच आपल्याही कुत्र्याला जपत असते. मात्र कुत्रा शांत राहावा म्हणून गुंगीचे औषध देऊ करणाऱ्याकडून तडक परत फिरावे. ते काम केवळ पशुवैद्यकाचे आहे.