गोचीड-ताप आणि पेशींचा मृत्यू

जनावराच्या शरीरातील एखाद्या पेशीत परजीवी शिरला असता ती पेशी पुष्कळदा स्वतःच मरण पत्करते. या कार्यासाठी पेशीत ‘कॅस्पेज’ नावाची प्रथिने सुप्तावस्थेत असतात. ती जागृत झाली की पेशीचे घटक तोडले जातात व परजीवीचा आसरा नाहीसा होतो. एका पेशीच्या नाशाने इतरांचे रक्षण होते.

गाईंच्या थायलेरिया रोगात मात्र हीच व्यवस्था बंद पडते. गोचिडीच्या चाव्यातून आलेला परजीवी पांढऱ्या पेशींत राहतो व त्यांतील मृत्यूची यंत्रणा दाबून ठेवतो. पेशी मरत नाही. उलट तिचे विभाजन चालूच राहते आणि तिच्याबरोबर परजीवीही विभागला जातो. परिणामी खांद्यापुढील गाठी सुजतात व तीव्र ताप येतो. पुढे परजीवी तांबड्या पेशींत शिरून रक्तक्षय होतो. देशी जनावरांपेक्षा संकरित व विदेशी गाई या रोगास अधिक बळी पडतात.

बुपार्वाक्वोन हे औषध परजीवीस मारते. त्यानंतर कॅस्पेज पुन्हा कार्य करू लागतात व बाधित पेशी आपोआप मरतात. बाधित पेशी दिवसेंदिवस वाढत असल्याने उपचार आरंभीच होणे अगत्याचे आहे.

गाठ व ताप दिसताच शेतकऱ्यांनी पशुवैद्यास कळवावे. संकरित वासरांस लस टोचण्याविषयी त्याचा सल्ला घ्यावा. गोठ्याच्या भिंतींतील भेगा बुजवाव्यात, कारण गोचिडी तेथेच दडून अंडी घालतात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रत्येक गोठ्यापर्यंत पोहोचवावी.