शिकलेले वाया जात नाही

शाळा बदलायची असेल तर काय करावे लागते, हे तुम्हांला माहीत आहे. मुख्याध्यापकांकडे अर्ज द्यायचा, शाळा सोडल्याचा दाखला घ्यायचा आणि तो नव्या शाळेत दाखवायचा. तुम्ही आठवी पास झाला असाल, तर नवी शाळा तुम्हांला नववीत बसवते. आठवी पुन्हा करा, असे कोणी म्हणत नाही.

महाविद्यालयाचे मात्र तसे नसते. समजा, तुमची आपा मालेगावच्या एका महाविद्यालयात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. अब्बांना भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात काम मिळाले आणि सारे घर तिकडे निघाले. मालेगावची महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत, तर भिवंडीची मुंबई विद्यापीठाशी. म्हणजे गाव बदलले, महाविद्यालय बदलले आणि विद्यापीठही बदलले. दोन्ही विद्यापीठांचा अभ्यासक्रम सारखा नसतो. मग आपाने वर्षभर केलेल्या अभ्यासाचे काय?

पूर्वी अशा वेळी अनेकांना पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागे. काही जण कंटाळून शिक्षणच सोडून देत. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या कितीतरी मुलींची पुस्तके अशीच माळ्यावर गेली. ही अडचण कमी व्हावी म्हणून २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक उपाय सुचवला गेला. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये नियम केले आणि श्रेयांकांची बँक सुरू झाली. इंग्रजीत तिला अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स म्हणतात.

श्रेयांक म्हणजे काय, ते आधी पाहू या. कापड मीटरने मोजतात, तसा महाविद्यालयातील अभ्यास श्रेयांकाने मोजतात. एका सत्रात वर्गात १५ तास शिकून परीक्षा पास झाले, की १ श्रेयांक मिळतो. प्रयोगशाळेतील कामाला १ श्रेयांकासाठी ३० तास लागतात. म्हणजे ४ श्रेयांकांचा विषय हा वर्गातील ६० तासांचा विषय झाला. महाराष्ट्रात एका सत्रात साधारण २० ते २२ श्रेयांक असतात. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक लागतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कापड किती आहे, हे मीटर सांगतो. ते चांगले आहे की नाही, हे विणीवरून कळते. तसेच आपण किती शिकलो, हे श्रेयांक सांगतात. किती चांगले शिकलो, हे श्रेणीवरून कळते. मात्र ज्या विषयात विद्यार्थी नापास झाला, त्याचा एकही श्रेयांक मिळत नाही.

आता ही बँक कशी चालते ते पाहा. पैशांच्या बँकेप्रमाणे येथेही खाते असते आणि त्याला १२ अंकी क्रमांक असतो. हे खाते डिजिलॉकरमधून उघडता येते. पण या खात्यात विद्यार्थ्याला स्वतः काही जमा करता येत नाही. निकाल लागल्यावर महाविद्यालय किंवा विद्यापीठच श्रेयांक जमा करते. म्हणून कोणी खोटी गुणपत्रिका आणली, तरी खात्यातील श्रेयांक वाढत नाहीत. जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त ७ वर्षे वापरता येतात. घरच्या अडचणीमुळे मध्ये शिक्षण थांबले, तरी त्या मुदतीत परत येऊन पुढे शिकता येते. एकदा पदवीसाठी वापरलेले श्रेयांक मात्र दुसऱ्या पदवीसाठी पुन्हा वापरता येत नाहीत. खर्च केलेला रुपया परत खिशात येत नाही, तसेच हे आहे.

तर मग आपाने काय करावे? तिने प्रथम भिवंडीच्या महाविद्यालयात जाऊन दोन प्रश्न विचारावेत. दुसऱ्या वर्षात जागा आहे का? आणि आपले विषय तेथे शिकवले जातात का? आपाचा मुख्य विषय उर्दू असेल आणि नव्या महाविद्यालयात उर्दू विभागच नसेल, तर खात्यात श्रेयांक असूनही अडचण येणार. श्रेयांक जमा आहेत म्हणून प्रवेश मिळेलच असे नाही. कोणते विषय जुळतात, हे नवे महाविद्यालय आणि विद्यापीठ तपासून ठरवते.

होकार मिळाल्यावर आपले सर्व श्रेयांक खात्यात जमा झाले आहेत की नाही, हे पाहावे. एखाद्या सत्राचे श्रेयांक दिसत नसतील, तर जुन्या महाविद्यालयाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. त्यानंतर महाविद्यालय सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि जुन्या विद्यापीठाकडून स्थलांतर प्रमाणपत्र घ्यावे. नव्या ठिकाणची खात्री होण्याआधी दाखला काढण्याची घाई करू नये. दाखला घेतला की जुना प्रवेश संपतो. मग इकडचेही नाही आणि तिकडचेही नाही, अशी अवस्था होते.

आणखी एक अट लक्षात ठेवावी. २०२१ च्या नियमांनुसार जी संस्था पदवी देणार, तिच्याकडूनच किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. पदवीला १३२ श्रेयांक लागत असतील, तर त्यांपैकी किमान ६६ श्रेयांक नव्या ठिकाणी मिळवले पाहिजेत. आपाने पहिल्या वर्षाचे ४४ श्रेयांक बरोबर आणले, तर ८८ उरतात. काही अडचण नाही. पण दोन वर्षे पूर्ण करून ८८ श्रेयांक आणले, तर ४४ च उरतात आणि हिशेब बसत नाही. म्हणून विद्यापीठ बदलायचेच असेल, तर ते कधी बदलावे, याचाही विचार करावा लागतो.

तुम्ही म्हणाल, "सर, आम्ही तर अजून शाळेत आहोत. आम्हांला याचे काय काम?" काम आहे, आणि ते आजच करण्यासारखे आहे. तुमच्या शाळेच्या नोंदवहीत तुमचे नाव कसे लिहिले आहे, ते पाहा. आपली नावे उर्दूत एकाच प्रकारे लिहिली जातात. पण मराठीत आणि इंग्रजीत ती अनेक प्रकारे लिहिली जातात. एकाच मुलाचे नाव शाळेत 'मोहम्मद', आधार कार्डावर 'मोहम्मेद' आणि तिसऱ्या कागदावर नुसते 'मो.' असे असते. आडनाव कुठे पुढे, कुठे मागे, तर कुठे गाळलेलेच. माणसाला कळते की हे तिघे एकच आहेत. यंत्राला कळत नाही. त्याला तीन वेगळी माणसे दिसतात आणि खाते उघडताना किंवा श्रेयांक जमा होताना काम अडते.

शाळेत असताना ही दुरुस्ती सोपी असते. दहावीचे प्रमाणपत्र हाती आल्यावर तेच काम फार कठीण होते. म्हणून घरी जाऊन जन्माचा दाखला आणि आधार कार्ड काढा. दोन्हींवरील नाव अक्षरन् अक्षर जुळवून पाहा. फरक दिसला तर अब्बांना किंवा अम्मींना घेऊन शाळेच्या कार्यालयात या. आता शाळेतील विद्यार्थ्यांनाही पालकांच्या संमतीने 'अपार' नावाचा १२ अंकी क्रमांक देतात. तो घेण्यापूर्वी नाव तपासले, तर पुढचे हेलपाटे वाचतील.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणाला कामासाठी, कोणाला लग्नानंतर, तर कोणाला घरच्या गरजेपायी गाव बदलावे लागेल. घर बदलताना आपण भांडीकुंडी मोजून गाडीत चढवतो. मिळवलेले शिक्षणही तसेच मोजून बरोबर न्या. ते तुमच्या कष्टाचे आहे आणि ते बरोबर नेण्याचा तुम्हांला हक्क आहे. मात्र ते आपोआप मागे चालत येत नाही. त्यासाठी वेळेवर अर्ज करावा लागतो, कागद जपावे लागतात आणि न लाजता प्रश्न विचारावे लागतात.