तो लाल गळा तुमच्यासाठी नाही

'सरडा लांबूनच माणसाचं रक्त ओढून घेतो.' कोकण-गोव्यात वाढलेल्या माणसाने हे लहानपणी ऐकलेलं नाही असं सहसा होत नाही. इंग्रजांनी तर बागेतल्या साध्या सरड्याला 'ब्लडसकर' असं नावच देऊन टाकलं होतं. पुरावा म्हणून लाल गळा दाखवला की काम झालं!

हा गळा रक्ताने लाल होत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीला विणीचा काळ सुरू झाला की नराचं डोकं, गळा आणि खांदे शेंदरी-लाल होतात. मादी मातकटच राहते. दोघांचाही आहार म्हणजे मुंग्या, नाकतोडे, सुरवंट. पेडण्यात मे महिन्यात चिऱ्याच्या गडग्यावर बसलेला नर थोडा वेळ थांबून पाहावा. उंचातली उंच जागा धरून तो पुढच्या पायांवर अंग वरखाली करतो, गळा फुगवतो, मग क्षणभर स्तब्ध होतो आणि पुन्हा सुरू करतो. 'मान हलवून चिडवतोय' म्हणत पोरं दगड उचलतात ते हेच पाहून. पण त्याचा रोख पोरांकडे नसतोच. पलीकडच्या माडावर दुसरा नर असतो आणि हा गडगा कोणाचा, एवढाच प्रश्न दोघांत चाललेला असतो. आसपास मादी असेल तर तिच्यासाठीही हाच खेळ. माणूस या संभाषणात कुठेच नाही.

दोघांची जुंपली तर हरलेल्याचा लाल रंग बघता बघता उतरतो. इथेच दुसरा गैरसमज निकालात निघतो: सरडा बसेल त्या जागेचा रंग घेतो, हा. पक्षांतराच्या बातम्यांमुळे गोव्यात 'सरड्यासारखा रंग बदलतो' ही उपमा मरायचं नाव घेत नाही, त्याला सरड्याचा इलाज नाही. त्याचा रंग ठरतो तो राग, भीती, माजावर येणं आणि अंगाचं तापमान यांवर. सकाळच्या गारव्यात तो काळपट असतो, कारण गडद अंग ऊन लवकर शोषून घेतं. लांब जिभेचा, डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवणारा शॅमेलिऑन हा वेगळ्याच कुळातला प्राणी, आणि त्याचंही रंग बदलणं बरंचसं मनःस्थितीचंच. अमेरिकेतही हीच गल्लत झालेली आहे. तिथला हिरवा अ‍ॅनोल हिरव्याचा तपकिरी होतो, म्हणून दुकानांतून 'अमेरिकन शॅमेलिऑन' या नावाने विकला गेला. शॅमेलिऑनशी त्याचा जवळचा संबंध नाही.

हे अ‍ॅनोल आपल्याकडे नाहीत. त्यांच्या सुमारे 400 जाती कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिका खंडांत आहेत, आणि त्यांची ओळख दोन गोष्टींनी पटते: नराच्या गळ्याखाली उघडमीट होणारा रंगीत पंखा आणि झाडाला चिकटणारी बोटं. गंमत अशी की या दोन्ही गोष्टी आपल्याकडेही आहेत, फक्त वेगवेगळ्या प्राण्यांत आणि वेगळ्या वाटेने आलेल्या.

पंखा पाहायचा तर डिचोलीहून सत्तरीच्या दिशेने, सह्याद्रीच्या पायथ्याच्या कुळागरांकडे जावं. पोफळीच्या खोडावर सालीचा तुकडा वाटणारा उडता सरडा या भागातला. नराच्या गळ्याखाली लिंबासारखा पिवळा लांबट पडदा असतो. तो फटकन पुढे येतो आणि मिटतो. त्यात विष भरलेलं असतं असं काहींना वाटतं. प्रत्यक्षात ती नुसती कातडी, आतल्या कंठास्थीच्या काडीने ताणलेली. हा सरडा मुंग्यांवर जगतो, विषारी अजिबात नाही.

'उडता' या शब्दानेही फसायला होतं. हा पंख मारत नाही, तरंगत उतरतो. वाढलेल्या बरगड्यांवर ताणलेला पडदा हेच त्याचं विमान. पुस्तकांत बरीच वर्षं पुढचे पाय मोकळे पसरलेले दाखवत. 2017 साली कर्नाटकातल्या आगुंबेजवळच्या पोफळीच्या बागेतली निरीक्षणं प्रसिद्ध झाली तेव्हा कळलं, की झेप घेतल्यावर तो पुढच्या पायांनी पडद्याची कड पकडतो आणि तीच ओढून दिशा बदलतो. मादी तेवढी अंडी घालायला जमिनीवर येते.

चिकट बोटं घरातल्या पालीची. बोटांत डिंक नसतो, हवा शोषून घेणारी वाटीही नसते. बोटाखालच्या पट्ट्यांवर अतिसूक्ष्म केसांची दाटी असते आणि रेणूंमधल्या ओढीवर ती भिंतीला धरून ठेवते. सगळ्याच पालींना हे जमत नाही. काणकोणच्या जंगलातून 1976 साली वर्णन झालेल्या, गोव्याचंच नाव मिळालेल्या दिनचर पालीच्या बोटांना असे पट्टे नाहीत. ती बारीक नख्यांवर भागवते.

'उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात' हा समज मात्र शिकलेल्यांचा. फ्लोरिडात बाहेरून आलेल्या तपकिरी अ‍ॅनोलमुळे हिरवे अ‍ॅनोल झाडांवर वर सरकले, आणि साधारण 20 पिढ्यांत त्यांच्या बोटांचे चिकट पट्टे मोठे झाले. 2017 च्या चक्रीवादळांनंतर टर्क्स आणि कैकोस बेटांवर वाचलेल्या अ‍ॅनोलचे पट्टेही आधीच्यांपेक्षा सरासरीने मोठे भरले.

सरडे वाढले म्हणजे निसर्ग सुधारला, असंही नव्हे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर निळा-काळा-नारिंगी पंखा असलेला सरडा राहतो. 2016 साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं नवी जात म्हणून वर्णन केलं. पवनचक्क्या आल्यावर तिथले शिकारी पक्षी घटले आणि सरडे खूप वाढले. माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते आता पळत नाहीत. पण वाढलेल्या गर्दीत प्रत्येकाच्या वाट्याला खाणं कमी येतं, अंगं बारकी राहतात, आणि नरांच्या पंख्यांचे रंग पवनचक्क्या नसलेल्या भागातल्या नरांपेक्षा फिके असतात.