विजेचे न दिसणारे बिल

चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा या परिसरात वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी राख गृहिणींना नवीन नाही. ‘या राखेनेच दमा होतो ना?’ असे रुग्ण नेहमी विचारतात. उत्तर अर्धेच ‘होय’ आहे. डोळ्यांना दिसणारी जाड राख बहुतांशी नाकात व घशात अडकते आणि शिंकेवाटे, खोकल्यावाटे बाहेर पडते. खरा धोका न दिसणाऱ्या कणांचा. केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक असे हे कण थेट फुफ्फुसाच्या वायुकोशांत पोहोचतात. दम्याच्या जोडीला हृदयविकार व पक्षाघाताचा धोकाही त्यांच्यामुळे वाढतो.

आपल्या कोळशात राखच मुळी ३० ते ४५ टक्के असते. चिमणीपूर्वी बसवलेली यंत्रे त्यातील बहुतेक राख पकडतात. मात्र गंधकाचा वायू त्यांना सापडत नाही, आणि हवेत गेल्यावर त्याचेही सूक्ष्म कणच बनतात. तो रोखण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घालून दिली. जुलै २०२५ मध्ये बऱ्याच केंद्रांना त्यातून सूट दिली. आरोग्याच्या दृष्टीने हे पाऊल मागे पडले, असेच म्हणावे लागेल.

मग दुसरी वीज निर्दोष आहे काय? तसेही नाही. कोयनेच्या विजेला धूर नाही, पण धरणात गावे बुडाली. तारापूरचे वापरलेले अणुइंधन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावे लागणार. सौर विजेला जमीन फार लागते. तरीही ही सारी एकाच तागडीत बसत नाहीत. २००७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातील हिशेब आला होता. दर १०० कोटी युनिटांमागे कोळशाने सुमारे २४ मृत्यू, नैसर्गिक वायूने तीनाहून कमी, अणुविजेने एकाहूनही पुष्कळ कमी. हे आकडे इकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले, तर १०० कोटी युनिट सुमारे पंधरवड्यात तयार होतात, हे ध्यानात घ्यावे.

अशा परिसरात राहणाऱ्यांनी अंगण कोरडे झाडू नये. पाणी शिंपडून किंवा ओल्या फडक्याने राख काढावी. नाकाला बांधलेला रुमाल सूक्ष्म कण अडवत नाही. दम्याच्या रुग्णांनी बरे वाटले म्हणून फवारा परस्पर बंद करू नये. आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला ‘राखेचाच असेल’ म्हणून अंगावर काढू नये. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. क्षयरोग नाही ना, हे आधी पाहून घ्यावे.