उघड्यावर उभी विमानं

मागच्या महिन्यात गटाची वसुली झाल्यावर आम्ही गप्पा मारत बसलो होतो. आमच्यातल्या एक आजी 1971 साली मुंबईत लालबागच्या चाळीत राहायच्या. भोंगा झाला की दिवे घालवायचे, खिडकीच्या काचांना काळा कागद लावायचा, असं त्या सांगत होत्या. मग त्यांनीच विचारलं, "बाई, लढाईत विमानं पडतात ती आभाळातच पडतात का गं?" उत्तर शोधता शोधता आम्हाला एक माणूस सापडला. आजचं बोलणं त्यांच्याबद्दल. एअर चीफ मार्शल प्रतापचंद्र लाल.

लाल यांचा जन्म 1916 चा, लुधियान्याचा. पत्रकारिता शिकायला ते लंडनला गेले, पण 1939 मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि ते हवाई दलात दाखल झाले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी बॉम्बफेकी विमानांच्या तुकडीचं नेतृत्व केलं. पुढे 1962 मध्ये संरक्षणमंत्र्यांशी बिनसलं आणि त्यांची नोकरीच गेली. मंत्री पायउतार झाल्यावर त्यांना परत घेतलं. वरच्या माणसाशी बिनसलं तर काय होतं, ते आपल्याला सांगायला नको.

आता 1965. पाकिस्तानशी लढाई पेटली तेव्हा लाल हवाई दलाचे उपप्रमुख होते. 1 सप्टेंबरला छांब भागात शत्रूचे रणगाडे घुसले. सैन्याने विमानांची मदत मागितली तेव्हा दिवस कलायला आला होता. घाईघाईत जुनी व्हॅम्पायर विमानं पाठवली, त्यातली 4 पडली. सैन्य आणि हवाई दल यांनी आधी एकत्र बसून बेत केलेलाच नव्हता. 6 तारखेला पठाणकोटच्या तळावर हल्ला झाला. तिथे उघड्यावर उभी असलेली सुमारे 10 विमानं जागच्या जागी जळाली. दुसऱ्या दिवशी बंगालमधल्या कलाईकुंडा तळावर तेच. आजींच्या प्रश्नाचं उत्तर हे असं. त्या लढाईत आपली बरीच विमानं आभाळात नाही, जमिनीवर गेली.

लढाईनंतर लाल यांना पद्मभूषण मिळालं. त्यावर समाधान मानून चुका विसरता आल्या असत्या. कर्जाचा हप्ता चुकला की आपल्या गटातही कुणी म्हणतं, जाऊ दे, वहीत नको लिहू. लाल यांनी ते केलं नाही.

मधली काही वर्षं त्यांनी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारभार पाहिला. मिग-21 विमानं आपल्या नाशिकजवळ ओझरला तयार व्हायची, ती याच कंपनीची. जुलै 1969 मध्ये ते हवाई दलप्रमुख झाले. 1965 नंतर तळांवर विमानांसाठी भक्कम आडोसे बांधले जात होते. विमानं एका रांगेत न ठेवता विखरून, झाकून ठेवायची शिस्त लागली. सैन्याच्या मुख्यालयांत हवाई दलाचे अधिकारी बसू लागले. माणेकशा, नौदलाचे नंदा आणि लाल एकमेकांशी बोलून बेत ठरवू लागले.

3 डिसेंबर 1971 ला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पठाणकोट, अमृतसर, श्रीनगर अशा कितीतरी तळांवर एकदम बॉम्ब टाकले. डाव 1965 चाच होता. पण या वेळी उघड्यावर फारसं काही नव्हतंच. धावपट्ट्यांना खड्डे पडले, ते भरले गेले. तिकडे ढाक्यात आपल्या मिग-21 विमानांनी तेजगाव तळाची धावपट्टी पुन्हा पुन्हा फोडली. दुरुस्त करायला उसंतच दिली नाही. त्यामुळे तिथली पाकिस्तानी विमानं शाबूत असूनही उडेनात. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

धावपट्टीचा विषय निघाला की कच्छमधल्या माधापार गावच्या बायकांना सोडून पुढे जाता येत नाही. भूजची धावपट्टी बॉम्बनी उखडली होती आणि मजूर मिळत नव्हते. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कार्णिक, नागपूरचे. गावातल्या सुमारे 300 बायका आल्या. भोंगा वाजला की झुडपांत लपायचं, थांबला की पुन्हा कामाला. वरून दिसू नये म्हणून हिरव्या साड्या नेसायच्या, धावपट्टीवर शेणाचा सडा द्यायचा. शेणकाल्यात हात घातलेल्या प्रत्येकीला ते काम कळेल. 72 तासांत धावपट्टी विमान उडण्याजोगी झाली. दिल्लीतल्या मोठ्या साहेबाचे बेत अशा हातांवर उभे असतात, हे आम्हाला इथे मुद्दाम सांगायचं होतं.

लाल जानेवारी 1973 मध्ये निवृत्त झाले. त्यांनी आपल्या नोकरीच्या आठवणी लिहायला घेतल्या आणि 1965 मध्ये काय चुकलं तेही त्यात मांडलं. 1982 मध्ये ते वारले तेव्हा पुस्तक छापलं गेलं नव्हतं. त्यांच्या पत्नी इला लाल यांनी ते कागद लावून, संपादन करून 1986 मध्ये पुस्तक बाहेर आणलं.