विचारणाऱ्याचं नाव

संपादकांनी सुचवलेला विषय होता इंटरनेटवरचा खासगीपणा. विषय अफाट. त्यात शिरायला मी एक अरुंद वाट निवडली, पोर्ट ४३. संगणकाच्या टर्मिनलमधून या क्रमांकावर, इंटरनेटवरचं नाव कुणाचं हे सांगणाऱ्या हूइज सर्व्हरशी जोडणी करायची, एका ओळीत नाव लिहायचं आणि एंटर दाबायचं. सर्व्हर साध्या मजकुरात उत्तर पाठवतो आणि जोडणी तोडतो. यंत्रणा एवढीच. पासवर्ड नाही, एन्क्रिप्शन नाही, आणि विचारणारा कोण हे जाणून घ्यायची सोय तर मुळातच नाही. इंटरनेटवरच्या नावांची मूळ नोंद ठेवणाऱ्या आयानाच्या सर्व्हरला मी .भारत या नावाविषयी विचारलं. क्षणात नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था पत्त्यासकट पडद्यावर उमटली.

मार्च १९८२ मध्ये केन हॅरेन्स्टीन आणि व्हिक व्हाइट यांनी या यंत्रणेचा आराखडा लिहिला. ते कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या एसआरआय संस्थेत होते आणि तिथल्या नेटवर्क माहिती केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. सगळे त्यांना 'जेक' म्हणत. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त ओढ वाटली ती या बाईंची. शिक्षण रसायनशास्त्राचं. १९७२ मध्ये डग्लस एंगेलबार्ट यांनी त्यांना इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर कुठे काय आहे याची पुस्तिका तयार करायच्या कामाला लावलं आणि पुढे त्या नेटवर्कची नोंदवहीच त्यांच्या हाती आली. नव्या संगणकाचं नाव त्यांच्या केंद्राला कळवायचं, केंद्र ते एका फाइलीत चढवणार, ती फाइल सगळे उतरवून घेणार. .कॉम, .एज्यु, .गव्ह ही विभागणीही त्यांच्याच गटाने सुचवली. कोण कुठे आहे हे जपून, नीट लावून ठेवणं आणि मागेल त्याला देणं, हे काम त्यांनी १९८९ पर्यंत मनापासून केलं. १९८२ च्या त्या दस्तऐवजात नेटवर्क वापरणाऱ्या प्रत्येकाने नाव, टपालाचा पत्ता, फोन आणि ईमेल नोंदवावा अशी विनंती आहे. नोंदवणारे होते संशोधक, विद्यापीठं, लष्करी कार्यालयं. त्या वर्तुळात असं उघडं राहणं हा सौजन्याचा भाग होता.

वर्तुळ फुटलं, नियम मात्र तोच राहिला. १९९८ मध्ये डोमेन म्हणजे वेबसाइटच्या नावांचा कारभार पाहणारी आयकॅन आली, पण .कॉम घेणाऱ्याचा पत्ता जगाला दिसत राहिला, मग तो घरून केक विकणारा असला तरी. आपल्याकडे डोमेन घेतल्यावर वेबसाइट बनवून देण्याचे फोन सुरू होत, ते याच नोंदींमुळे. मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून दूर जाऊन टोपणनावाने लिहिणाऱ्या बाईसाठी ही नोंद म्हणजे थेट घरचा पत्ता. पत्ता झाकून देण्याची सेवा निघाली. बऱ्याच ठिकाणी तिचे वेगळे पैसे पडत. ज्याला परवडतं त्यालाच आडोसा, हे मला फार लागतं.

२५ मे २०१८ ला युरोपचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहिती जपणारा कायदा लागू झाला. त्याच दिवशी आयकॅन जर्मनीतल्या इपॅग या रजिस्ट्रारविरुद्ध, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीविरुद्ध, बॉनच्या न्यायालयात गेली, कारण मालकाखेरीज आणखी दोन संपर्क-व्यक्तींची माहिती गोळा करायला ही कंपनी नकार देत होती. न्यायालयाने अंतरिम आदेश नाकारला. तोवर जगभरच्या नोंदींत नाव-पत्त्याच्या जागी 'गोपनीय' असा शेरा दिसू लागला होता.

माहिती झाकली गेली याचं मला समाधान आहे. पण बँकेची नक्कल करणारी साइट उभी राहिली की तपास करणारे पूर्वी तिच्या नोंदीतला ईमेल धरून त्याच टोळीच्या बाकी साइट शोधून काढत. तो धागा तुटला. आपल्या न्यायालयांत अज्ञात प्रतिवादीला 'अशोक कुमार' म्हणायची रीत आहे. बनावट डोमेनमागचे असे कितीतरी अशोक कुमार आज न्यायालयाचा आदेश निघेपर्यंत बेनाव राहतात. शिवाय जीडीपीआर संरक्षण देतो ते हाडामांसाच्या माणसाला. कंपन्यांच्या नोंदी झाकायची सक्ती त्यात नाही. तरी माणूस कोण आणि कंपनी कोण हे निवडत बसण्याऐवजी अनेक रजिस्ट्रार सरसकट सगळंच झाकतात. हे मला मान्य नाही. पैसे घेणाऱ्या दुकानाचं नाव गिऱ्हाइकाला दिसलंच पाहिजे.

हूइजची जागा घेणारी आरडॅप ही यंत्रणा २०१५ मध्ये प्रमाणित झाली. तिला एन्क्रिप्शन येतं, देवनागरी पत्ता येतो, आणि विचारणाऱ्याची ओळख पटवून कुणाला किती सांगायचं हेही ठरवता येतं. २८ जानेवारी २०२५ पासून .कॉमसारख्या डोमेनसाठी हूइज चालू ठेवण्याची सक्ती संपली. पण अधिकार कुणाला द्यायचा, हे आरडॅप ठरवू शकत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयकॅनने झाकलेली माहिती मागणाऱ्या विनंत्यांसाठी एक खिडकी उघडली. ती विनंती रजिस्ट्रारपर्यंत पोचवते एवढंच. त्यात सामील होणं ऐच्छिक आणि माहिती द्यायची की नाही हा निर्णय ज्याचा त्याचा. माहिती मिळाली तरी ती कित्येकदा पत्ता झाकणाऱ्या सेवेचीच निघते.

सर्वांत अवघड गाठ तातडीच्या विनंतीची. कुणाच्या जिवाला धोका आहे, पोलीस माहिती मागताहेत, अशा वेळी उत्तर किती तासांत द्यायचं? फेब्रुवारी २०२४ मध्ये आयकॅनने नोंदणी-माहितीचं नवं धोरण जाहीर केलं, तेव्हा एवढंच कलम बाहेर ठेवावं लागलं. सरकारांच्या प्रतिनिधींना प्रस्तावित मुदत फार लांब वाटत होती, आणि नाशिकहून किंवा नैरोबीहून विनंती करणारा खरोखर पोलीसच आहे याची खात्री दुसऱ्या देशातल्या कंपनीने कशी करायची, याची पद्धत तोवर कुणाजवळही तयार नव्हती.